पूर्ण बरी

"हात वर कर, मावशी. सगळ्यांना दिसू दे."

मी केला नाही. तेव्हा डॉक्टरसाहेबांनीच माझं मनगट धरून हात वर उचलला. पदर खांद्यावरून घसरला. दुसऱ्या हाताने मी तो कसाबसा धरून ठेवला. समोर धुळ्याच्या त्या हॉलमध्ये डॉक्टरच डॉक्टर. धुळ्याचे, जळगावचे, चाळीसगाव-अमळनेरचे. डोक्यावर पंखे फिरत होते. मागे पांढरा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं.

माझ्या कोपराखाली गोंदण आहे. एक विंचू आणि भोवती टिपके. साहेबांनी हातातली काठी त्या विंचवावर टेकवली.

"हे बघा. आजार इथून आला असणार," ते म्हणाले. "जत्रेत एकाच सुईने अख्ख्या गावाला गोंदतात. या वस्त्यांमध्ये दुसरं काय होणार?"

माना हलल्या. पुढच्या रांगेतला एक जण हसला. शेजारच्याने लिहून घेतलं.

मग साहेब म्हणाले, "वर्षभर इंजेक्शनं दिली. आता रक्तात व्हायरस नाही. आज ही पूर्ण बरी आहे. तुमच्या-आमच्यासारखं आयुष्य जगते. काय मावशी? सांग ना."

काय सांगायचं ते येताना गाडीत सांगितलेलं होतं.

"मी बरी आहे," मी म्हटलं.

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी नाही. साहेबांसाठी.

एक तरुण डॉक्टर स्टेजवर चढला. न विचारता त्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. "जीभ दाखव." मी दाखवली. मग त्याने टेबलावरचा जग घेतला आणि स्टेजच्या कडेला जाऊन हात धुतले. डॉक्टर हात धुतातच. मला ठाऊक आहे, जन्मभर मी त्यांच्या हातावर पाणी घातलंय. पण त्याआधी त्याने साहेबांशी हात मिळवला होता, अध्यक्षांशी मिळवला होता. तेव्हा धुतले नव्हते.

जेवायला सगळे मागच्या मंडपात गेले. ड्रायव्हरलाही आत बोलावलं. माझ्यासाठी कागदात बांधलेलं पार्सल आलं. आणणारा म्हणाला, "बाई, तुम्ही गाडीतच बसून घ्या."

पूर्ण बऱ्या झालेल्या बाईचं जेवण गाडीत. काचा वर. ऊन असं की सीट पाठीला चिकटत होती. पुरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात राहिला. रडू आलं नाही. तेव्हा मला वाटत होतं की हे सोसलं तर कामावर परत घेतील. त्या एका आशेवर मी हात वर करू दिला होता.

मी मूळची भडगावकडची. गिरणेच्या काठचं गाव. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आजोबांनी धर्म बदलला, वस्ती तिथंच राहिली. माझी माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. दुपारी पाटलीणबाई भाकरी आणायची ती बांधावर उभी राहून मायच्या ओंजळीत वरून टाकायची. मी लहान होते. मला वाटायचं, भाकरी अशीच देतात.

लग्न होऊन जळगावला आले. नवरा डाळ मिलमध्ये हमाल. शांत माणूस. दारू नाही, मारहाण नाही. मला एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम लागलं. बाळंतपणाचा आणि ऑपरेशनचा दवाखाना. पांढरी साडी दिली. पहिल्या दिवशी ती नेसून मी घरातल्या आरशासमोर किती तरी वेळ उभी राहिले. खेड्यावरून आलेले पेशंट मला सिस्टर म्हणायचे. मी कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. पाटलांच्या घरच्या बाया बाळंत व्हायला यायच्या. त्यांच्या पोटातून आलेलं पोर आधी माझ्या हातात यायचं. मग त्यांच्या. माय भेटायला आली की मी तिला हे मुद्दाम सांगायचे. ती पदराने तोंड झाकून हसायची.

वाटलं, सुटलो आपण.

माझं काम काय? लादी पुसणं, बेडपॅन उचलणं, रक्ताची कापडं धुणं. आणि सुया. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. वापरून झाल्या की मोरीत एका तसराळ्यात पडायच्या. त्या धुवायच्या, सुयांच्या भोकातून तार घालून साफ करायच्या, मग उकळायला ठेवायच्या. पुढे प्लॅस्टिकच्या आल्या, एकदा वापरून फेकायच्या. त्याही आम्ही धुतल्या. साहेबांनी सांगितलं, धुवा. आम्ही धुतल्या. हातमोजे ऑपरेशनच्या खोलीत असायचे, मोरीत नाही. सुई टोचली की बोट तोंडात घालायचं आणि पुढची सुई घ्यायची. किती वेळा टोचली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मी तर नाहीच.

मग एका उन्हाळ्यात अंग मोडून यायला लागलं. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. पोटात अन्न राहीना. लघवी चहासारखी. साहेबांनी रक्त तपासायला पाठवलं. आठवड्याने मला केबिनमध्ये बोलावलं. नेहमी मी आत जायचे ती टेबल पुसायला. त्या दिवशीही कापड हातात घेऊनच गेले.

"दारातच थांब," साहेब म्हणाले.

मी थांबले.

"तुला कावीळ आहे. सी नावाची. रक्तातून होते. उद्यापासून येऊ नकोस. पेशंटना कळलं तर दवाखाना बंद पडेल माझा."

"कशाने झाली, साहेब?"

"कशानेही होते. गोंदणाने होते. गावठी डॉक्टरच्या इंजेक्शनने होते."

"मी तर इथंच..."

"जा आता," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तो काळ एड्सच्या भीतीचा. भिंतीभिंतीवर पाट्या रंगवलेल्या. रक्ताचा रोग म्हटला की लोकांना एकच नाव सुचायचं. दवाखान्यातून बातमी आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचली. सार्वजनिक नळावर माझी घागर लागली की बाया आपापल्या घागरी मागे ओढायच्या. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं.

 नवऱ्याने आपली खाट उचलून ओसरीवर नेली.

काही महिन्यांनी साहेबांचा निरोप आला. नवीन औषध आलंय. फार महाग. कंपनी एका पेशंटपुरतं फुकट देणार आहे. येतेस का?

खोटं कशाला बोलू? त्यांच्यामुळे औषध मिळालं. मी त्यांच्या पाया पडले. सगळी गल्ली म्हणाली, देवमाणूस. मीही म्हटलं.

आठवड्यातून तीनदा इंजेक्शन. वर्षभर. कंपाउंडर प्रकाशभाऊ द्यायचे. वॉर्डात नाही, दवाखान्याच्या मागच्या जिन्याखाली, जिथं झाडू आणि फिनेलचे डबे ठेवतात तिथं. स्टुलावर बसायचं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सुई घ्यायची, निघायचं. घरी येईपर्यंत थंडी वाजायला लागायची. भर उन्हात गोधड्या घेऊन मी कुडकुडत पडायचे. हाडं कुणी तरी आतून पिळतंय असं वाटायचं. केस कंगव्यात झुपक्याने यायचे. आणि त्याहून वाईट म्हणजे मन. चूल पेटवायला बसले की वाटायचं, पेटवायची कशाला? विहीर दिसली की नजर आत जायची. कुणी सांगितलं नव्हतं की औषधाने असं होतं. मला वाटलं, मीच अशी झाले.

वर्ष संपलं. पुढचे सहा महिने थांबून रक्त मुंबईला पाठवलं. निकाल आला, रक्त साफ.

साहेब खूश. असे खूश झालेले मी त्यांना स्वतःच्या मुलाच्या बारशालाही बघितलं नव्हतं. पेढे मागवले. सिस्टरबाई सगळ्यांना वाटत होत्या. प्रत्येकासमोर बॉक्स धरायच्या, ज्याने त्याने उचलायचा. माझ्यासमोर आल्यावर बॉक्स मागे गेला. त्यांनी एक पेढा दोन बोटांनी उचलला आणि वीतभर वरून माझ्या हातावर टाकला.

माय आठवली. बांध आठवला.

मी पेढा खाल्ला. मग साहेबांना विचारलं, "साहेब, मी कामावर कधी येऊ?"

"बघू," ते म्हणाले. "आधी धुळ्याला एक कार्यक्रम आहे. तिथं चल माझ्याबरोबर."

तोच तो कार्यक्रम, माझा हात वर केलेला.

धुळ्याहून आल्यावर मी आठवडाभर वाट पाहिली. मग गेले. पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून नेसून गेले. माझ्या जागी दुसरी आया होती. साहेब बाहेर आले, मला बघितलं, मला बाजूला नेलं.

"मावशी, तू आता आराम कर."

"साहेब, तुम्हीच तर म्हणालात. मी बरी आहे."

"बरी आहेसच की."

"मग?"

"पेशंटना कसं समजावणार? ते वेगळं असतं."

ते वेगळं असतं. हे वाक्य मी पुढे फार लोकांकडून ऐकलं. नवऱ्याला मी कागद दाखवला. त्याला वाचता येतं. त्याने वाचला, घडी घालून देवळीत ठेवला. "बरं झालं," म्हणाला. खाट मात्र ओसरीवरच राहिली. मी कधी विचारलं नाही. काय विचारायचं? माझ्या रक्तात काही नाही, तर ये आत, असं बाईमाणसाने तोंडाने म्हणायचं? दहा वर्षं एका गोधडीत झोपलेल्या माणसाला?

मायकडे गेले. वाटलं होतं, तिथं तरी. दिवाळीचे दिवस. भाऊ, भावजय, त्यांची पोरं. चुलीवर कळण्याच्या भाकरी चाललेल्या. माय ताटं मांडत होती. सगळ्यांची पितळी. माझ्यापुढे तिने जर्मन ॲल्युमिनियमचं ताट सरकवलं, कडा चेपलेलं. बाजूला तसाच पेला.

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली घातली.

"राग नको धरू, माय," ती म्हणाली. "तुनं ताट येगळं ठेयेल शे. बठ्ठा लोके म्हनतस, रगतना रोग शे. मना घर लहान पोरे शेतस."

"माय, मी बरी शे आते."

"हा. शे ना. बरीच शे तू," ती म्हणाली. आणि भाकरी वाढताना तिचा हात माझ्या ताटाच्या वरच थांबला. भाकरी वरून पडली.

माझ्या मायने. जन्मभर जिच्या ओंजळीत भाकऱ्या वरून पडल्या तिने.

तिच्यावर राग आला नाही. ती म्हातारी काय करणार? तिला जे शिकवलं तेच तिने केलं. पूर्वी पाटलीणबाईने शिकवलं, आता डॉक्टरने. मला त्या ताटावर पहिल्यांदा कळलं की आम्ही कुठंच सुटलो नव्हतो. फक्त पूर्वी नाव जातीचं होतं, आता रोगाचं. रोग गेला तरी नाव गेलं नाही. जात सोडली तरी जसं गेलं नव्हतं.

मी त्या ताटात जेवले. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने परत आले. त्यानंतर माहेरी गेले नाही.

आणि मी बरी म्हणजे किती बरी होते? भरलेली बादली उचलली की मनगटं ठणकायची. अजून ठणकतात. केस आले ते विरळ, मातकट. झोप उडाली ती परत आलीच नाही. दुपारी अचानक अंगातला जोर निघून जातो, कुणी बूच काढावं तसा. मग जिथं असेन तिथं बसून राहावं लागतं. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे." म्हणजे जे दुखतं ते नाहीच.

धुणीभांडी मागायला कॉलन्यांमध्ये फिरले. एका बाईने हो म्हटलं. दोन दिवस केली. तिसऱ्या दिवशी ती दारातच उभी. "तूच ना ती, त्या डॉक्टरांकडची?" म्हणाली. दार लावलं. त्यानंतर विचारायचं बंद केलं.

शेवटी अजिंठ्याच्या रस्त्याला एका भंगारच्या गोडाऊनमध्ये गेले. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी आधीच सांगून टाकलं की मला असा असा रोग होता.

"हाथ चलता है ना?" त्यांनी विचारलं.

"चलता है."

"तो बैठो."

इतकंच. दुसरं काही विचारलं नाही. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

काम निवडायचं. लोखंड वेगळं, काच वेगळी, प्लॅस्टिक वेगळं. पहिल्याच महिन्यात एक पोतं माझ्यासमोर ओतलं गेलं. सलाईनच्या बाटल्या, नळ्या, औषधाच्या कुप्या, सिरिंजा. सुया लागलेल्या. काहींच्या आत काळं पडलेलं रक्त. बाटल्यांवर निळ्या शाईने बेड नंबर घातलेले. ते आकडे घालायची पद्धत मी ओळखली. आमच्याच दवाखान्याचं पोतं.

मोरीतून हाकलली, पोत्याशी आणून बसवली. सुया त्याच.

मी काडीने त्या बाजूला सारल्या. काम केलं. पोट होतं.

वर्ष गेलं असेल. प्रकाशभाऊ निरोप घेऊन आले. जळगावातच मोठा कार्यक्रम आहे. मुंबईचे डॉक्टर येणार. औषधाची कंपनी सगळं करतेय. साहेबांनी बोलावलंय. गाडी पाठवतील.

या वेळी माझ्या मनात कसली आशा नव्हती. म्हणूनच मी हो म्हटलं.

हॉटेलचा हॉल. गालिचा. मला कडेच्या खुर्चीत बसवलं. साहेबांच्या भाषणात माझा नंबर आला. मी स्टेजवर गेले. त्यांनी हात धरायला हात पुढे केला. मी मागे सरकले. पदर कमरेला खोचलेलाच होता. मी आपणहून हात वर केला आणि म्हटलं,

"हे गोंदण मी आठ वर्षांची असताना झालं. माझ्यासोबत आत्याला झालं, चुलत बहिणींना झालं. त्यांच्यातल्या कुणाला हा रोग नाही. मी या साहेबांच्या दवाखान्यात सुया धुतल्या. वापरलेल्या. उघड्या हाताने. त्या टोचल्या. तुम्ही म्हणता मी बरी आहे. मग मला कामावर का घेत नाही? मी बरी असेन तर मला तुमच्यासोबत जेवायला बसवा. नसेन तर टाळ्या वाजवू नका."

माझा आवाज चिरकत होता. लांबलचक बोलायची सवय नाही. पण बोलले. सगळं बोलले.

लिहिणारे हात थांबले. मला वाटलं, ऐकलं यांनी.

साहेब रागावले नाहीत. तेच तर. त्यांनी माझ्यासमोरचा माइक हलकेच स्वतःकडे घेतला आणि लोकांकडे वळून, दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "आपण सगळे जाणतोच. या औषधाचा मनावर परिणाम होतो. पेशंट खचतात, चिडचिडे होतात, संशय घेतात. काहींच्यात तो औषध थांबल्यावरही राहतो. इथं तुम्हाला तो प्रत्यक्ष बघायला मिळाला."

माना हलल्या. धुळ्याला हलल्या होत्या तशाच. एक बाई डॉक्टर हळहळून म्हणाली, "बिचारी." कुणी तरी लिहून घेतलं.

माझा राग त्यांनी रोगात घातला. माझं खरं बोलणं औषधाचा परिणाम झालं. ज्या वर्षी मी विहिरीत डोकावत होते त्या वर्षी कुणी म्हणालं नाही की हे औषधाने होतंय. आता म्हणाले. मी तोंड उघडल्यावर.

टाळ्या वाजल्या. साहेबांच्या समजूतदारपणाला.

गाडीने परत सोडायला कुणी आलं नाही. मी चालत घरी आले. नवऱ्याला कळलंच होतं.

"कसाले बोलनी तू?" तो ओसरीवरून म्हणाला. "आते तुले कोन काम देई?"

"आहे ते काम आहे," मी म्हटलं.

तेही राहिलं नाही.

गोडाऊनमध्ये माझ्या शेजारी कमल बसायची. पहूरकडची. नवऱ्याने टाकलेली, अंगाने काटक, बोलायला मोकळी. एका दुपारी आमच्यासमोर तसलंच पोतं ओतलं. कमल भराभर हात चालवत होती. एकदम "आई गं" म्हणाली. बोटात सुई. अर्धी आत. तिने ती उपटून फेकली, बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने पुढची बाटली उचलली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तसंच. अगदी तसंच मी करायचे.

"बोट काढ तोंडातून," मी ओरडले. "धू ते. ऊठ."

"काही व्हत नाही वं. जराशी त लागली."

"ऊठ म्हणते ना."

मी तिला नळावर नेलं. साबण चोळला. रक्त वाहू दिलं.  ती हसत होती.  तिला काही झालं तर तिला फुकटचं औषध द्यायला कुठली कंपनी येणार नाही. कंपनीला एक पेशंट हवा होता. तो मिळाला.

मी चाचांकडे गेले. म्हटलं, दवाखान्याची पोती आम्ही निवडणार नाही. सुया काढून द्यायला सांगा त्यांना.

 माणूस वाईट नव्हता. "बाई," ते म्हणाले, "मैं बोलूँगा तो वो माल दूसरे को देंगे. नहीं चुनना तो मत आओ. क्या बोलूँ मैं?"

मी कमलला म्हटलं, चल. ती आली नाही. तिने मान खाली घातली आणि दुसऱ्या पोत्याकडे सरकली. तिची दोन पोरं आहेत. मी तिला दोष देत नाही. मी एकटीच उठले.

त्याच आठवड्यात प्रकाशभाऊ घरी आले. कंपनीच्या नियमाप्रमाणे रक्त घ्यायचं होतं. रोग परत आलाय का ते बघायला. साहेबांना मुंबईच्या डॉक्टरांना कळवायचं होतं. पेशंट वर्षानंतरही बरीच आहे, असं. हातात हातमोजे, पिशवीत बाटली. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "वहिनी, दंड पुढे करा. दोन मिनिटांचं काम."

"नाही देणार," मी म्हटलं.

"असं काय करता? तुमच्याच भल्याचं आहे."

"माझ्या भल्याचं असतं तर मोरीत हातमोजे दिले असते."

ते इकडेतिकडे बघायला लागले. तेही नोकरच. "आणि रोग परत आला तर? कळणार कसं तुम्हाला?"

"नाही कळणार."

"पुन्हा औषध लागलं तर साहेब देतील का मग?"

"नाही देणार. माहीत आहे मला. जाऊन सांगा त्यांना. त्याच सगळ्या डॉक्टरांसमोर उभं राहून, सुया माझ्या दवाखान्याच्या होत्या, असं तोंडाने म्हणा. मी दंड पुढे करीन. तोवर नाही."

"ते असं कधी म्हणतील का, वहिनी?"

"नाही म्हणणार."

प्रकाशभाऊंनी बाटली पिशवीत ठेवली. ते गेले. नवरा ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. 

आता मी गल्लीच्या तोंडाशी कोथिंबीर-मिरच्या घेऊन बसते. गल्लीतलं कुणी घेत नाही. रस्त्याने जाणारे घेतात, ज्यांना माहीत नसतं. कमल अजून त्याच गोडाऊनमध्ये आहे. रस्त्यात भेटली की बोटाला नव्या चिंध्या असतात. मी तिला दर वेळी सांगते. ती दर वेळी हो म्हणते.

गेल्या काही दिवसांपासून मला भूक नाही. उजव्या कुशीत जड वाटतं. परत आला असेल. नसेलही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होत नाही, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना माझं रक्त फक्त स्वतःचं नाव मोठं करायला हवंय. माझं वाईट होईल ते माझ्या एकटीचं होईल, हे मला कळतं. साहेबांचं काही बिघडणार नाही, हेही कळतं. एखादा रिकामा रकाना राहील त्यांच्या कागदात. बस.

तो रकाना रिकामाच राहील. मी मरेन तर बिनतपासलेली मरेन. थेंब देणार नाही.